पनवेलची मुकी एरियल

साताऱ्याहून पनवेलपर्यंत अठरा किलोचा रेडिओ संच मांडीवर घेऊन एसटीने आलो. पनवेलच्या अलीकडे पळस्प्याला पाय मोकळे करावे म्हणून उतरलो, तर मांडी माझीच आहे असं वाटेना. पण नाही म्हणायची सोय नव्हती. हौशी रेडिओतला माझा दोस्त दिनेश जहाजावर रेडिओ ऑफिसर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तीन दिवस दुपारी चारला बोलेन, असं त्यानं कळवलं होतं. त्याच्या आईनं वर्षभर त्याचा आवाज ऐकला नव्हता. परवाना माझा, त्यामुळे तिला बोलता येणार नव्हतं, पण ऐकता तरी येईल.

दिनेशचं घर मिठागराच्या कडेला. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या मावशींनी, तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली मासळी) वाढली आणि पहिलंच विचारलं, "माजा पोऱ्या (मुलगा) कवा बोलंल?"

"चारला, मावशी."

चारला नुसती खरखर. मी केबल बदलली, सांधे पुन्हा सोल्डर केले, एरियलचा बांबू उपटून दुसऱ्या कोपऱ्यात रोवला. दुसऱ्या दिवशीही तेच.

संध्याकाळी शेजारचे चाचा कुंपणाशी आले. "भाईसाब, आमचा रेडिओवरचा आखातातला स्टेशन पण कालपासून गायब हाय. तुमची मशीन खराब नाय."

मी कपाळावर हात मारला. सूर्य खवळला की त्याचे कण पृथ्वीचं चुंबकत्व ढवळून काढतात. शॉर्टवेव्हच्या लहरी खाली परतवणारा आकाशातला थर त्यात विस्कटतो. आणि मी शहाणा, दोन दिवस सूर्याचा बिघाड जमिनीवर दुरुस्त करत बसलो होतो.

मावशींना सांगितलं. "मंग सूर्य बरा कवा व्हनार?"

"एकदोन दिवसांत. पण दिनेशचा उद्या शेवटचा दिवस."

तिसऱ्या दिवशी चारला खरखरीतून दिनेश आला, बुडत, वर येत. इंग्रजीत आपली ओळखखूण सांगत होता, कोणी ऐकतंय का विचारत होता. मी घसा बसेपर्यंत उत्तरं दिली. त्याच्याकडे गोंगाट जास्त असावा, काही पोचेना. दहा मिनिटांनी तो म्हणाला, पनवेल ऐकू येत नाही, बंद करतो.

मला फार वाईट वाटलं. "माफ करा मावशी. धड काहीच ऐकू आलं नाही."

"आला की ऐकू," त्या पदर सावरत म्हणाल्या. "सर्दी झालीय त्याला."

परतताना एसटीत वही उघडली. आवाजाच्या स्पष्टतेला मी पाचपैकी दोन गुण दिले होते. पुण्यापर्यंत जागा मिळाली नाही, संच पायाशी, अंग आंबून गेलेलं. घरी पोचून चहासुद्धा न घेता दिनेशला कार्ड लिहिलं: आईनं ऐकलं. औषध घे.