श्टोलनच्या दाराशी काढलेल्या चपला

इथे जर्मनीत आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून लपायला आमच्या टेकडीच्या पोटात एक बोगदा खोदलेला आहे, त्याला इथे श्टोलन म्हणतात. गल्लीतल्या बायका-म्हाताऱ्यांनी तो हातांनी खोदला होता. आजी लहानपणी कितीतरी रात्री तिथे आपल्या आईला चिकटून बसल्या होत्या. ती जागा त्यांना मरायच्या आधी एकदा बघायची होती. वर्षातून एका रविवारी श्टोलन लोकांसाठी उघडतो. दर वर्षी त्या दारापर्यंत जायच्या आणि तिथूनच मागे फिरायच्या.

त्या वर्षी त्यांनी मला सोबत बोलावलं. माझी आई तेव्हा औरंगाबादहून आली होती आणि मी झिंडेलफिंगेनला कामावर गेले की घरात एकटी बसून विटली होती. "मीपण येते," म्हणाली.

"अगं, सगळं जर्मनमध्ये असतं. तुला काय कळणार?"

"दगड काय जर्मन बोलतो?"

झालं, निघालो तिघी.

लोखंडी दार उघडं होतं, आतून गार हवा येत होती. आजी थबकल्या. माझ्या दंडात त्यांची बोटं रुतली. "नाही गं जमणार. तुम्ही दोघी जाऊन या." आत दिवे आहेत, मी आहे, वाटलं तर लगेच परत फिरू, सगळं सांगून झालं. माझा पेशन्स तसा फार नाहीच. जाऊ दे, घरी जाऊन कॉफी पिऊ, असं म्हणायला वळले, तर आईसाहेबांनी चपला काढून दाराशी नीट जोडून ठेवलेल्या!

"आई! घाल आधी त्या! आत ओल आहे, गारठशील."

"लेण्यात कुणी पायात घालून जातं का?"

"अगं बाई, हे लेणं नाहीये!"

"डोंगर कोरलाय ना? माणसं जीव मुठीत धरून बसली ना इथे? मग?"

पौर्णिमेला अख्खं महिला मंडळ घेऊन लेण्यांवर जाणारी बाई ती. दगडात कोरलेलं दार दिसलं की तिचे पाय आपोआप चपलेतून बाहेर येतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेल्मेटं वाटणारे काका धावत आले. काय चाललंय ते मी त्यांना आणि आजींना कसंबसं समजावलं.

आजी आईच्या पायांकडे बघत राहिल्या. मग दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि बुटांच्या लेस सोडायला लागल्या. काका म्हणाले, "कुणी पडलं तर फरझिशरुंग पैसे देणार नाही." इथे प्रत्येक गोष्टीत मेला तो विमा! "मी बघीन काय ते," मी खेकसलेच.

आईने आजींचा हात धरला. "चला, ताई." आणि दोघी मोज्यांवर आत गेल्या.

भिंतींवर छिन्नीचे घाव होते. आई त्यांवरून हात फिरवत चालली होती. एका वळणावर दगडातच कोरलेला ओटा होता. "हियर," म्हणत आजी तिथे टेकल्या. आई त्यांना अगदी चिकटून बसली. मी हेल्मेट पुढे ओढून रडून घेतलं. आजी मात्र रडल्या नाहीत. त्या आपल्या पायांकडे बघत होत्या. मोज्यातली बोटं हलवून हसल्या.

बाहेर छान ऊन होतं. आजींची बोटं आखडली होती, लेस बांधता येईनात. आई खाली बसली आणि शाळेत जाणाऱ्या पोरीचे बांधावेत तसे तिने ते बूट बांधले, घट्ट, दुहेरी गाठ मारून. तेव्हा आजी मला म्हणाल्या, "भोंगा कधी वाजेल नेम नसायचा. आम्ही झोपायचो तेसुद्धा बूट घालून. पळताना सुटू नयेत म्हणून माझी आई अशीच गाठ मारायची. आत बसल्यावरही काढू द्यायची नाही. तुझ्या आईनं चपला काढल्या, तेव्हा वाटलं, अरे, इथे काढता येतात!"

मग वाकून त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच काहीतरी सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलं.

"आई, ती गाठ सोड," मी म्हटलं. "सैल बांध म्हणतायत. आता पळायचं नाहीये."