दोन खुर्च्या आणि नाथाचा कौल

थांबा, हातातलं सगळं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. दोन दिवस नुसतं पोटात दाबून ठेवलंय आणि आता राहवत नाही. टायपिंगच्या चुका होतील, सांभाळून घ्या. मी आत्ता गुवाहाटीत, दादाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसलेय आणि आठ दिवसांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की तू इथं असशील, तर मी हसले असते. आधीच कबूल करते, मी फार देवभोळी नाही. आई सकाळी उदबत्ती लावते तेव्हा मी मोबाईलमध्ये असते. माझा विश्वास आकड्यांवर. चार आकडे शेजारी शेजारी मांडले की खरं-खोटं कळतं, असं मला वाटायचं.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं. आमच्या भागातली लय घरं गलाईवर चालतात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी आमची माणसं केरळापासून आसामपर्यंत कुठंकुठं दुकानं टाकून बसलीयत. माझा दादा अठराव्या वर्षी गुवाहाटीला गेला तो तिथलाच झाला. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, वहिनीही तिकडं गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडं रीत, पण वहिनीची आई ती लहान असतानाच गेली. म्हणून ती आमच्याकडं यायची ठरलेली, पुढच्या महिन्याचं रेल्वेचं तिकीटही काढून ठेवलेलं. आणि सोमवारी सकाळी दादाचा फोन आला. वहिनीचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलंय, प्रवास बंद, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन करून बाळ काढणार. मग वहिनीनं फोन घेतला. एरवी हसून बोलणारी पोरगी, त्या दिवशी ख्यालीखुशालीही विचारली नाही. एवढंच म्हणाली, "आई, हितं माझं बोलणं कुणाला कळत न्हाई. तुमी आल्याबिगर मी आत जायची न्हाई."

आईनं फोन ठेवला आणि लुगड्याची घडी घालायला लागली. जायचं कसं, हा प्रश्न तिनं माझ्यावर सोडला. रेल्वेनं कसंही गेलं तरी शुक्रवार वाटेतच उजाडणार. विमान बघितलं तर सुट्ट्यांचा हंगाम, तिकिटाचा भाव बघून वडिलांनी, आमच्या आप्पांनी, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आप्पांना गुरं सोडून हलता येत नव्हतं, आणि आईला हिंदी येत नाही, म्हणजे मी पण जाणार, म्हणजे दोन तिकिटं. आई म्हणाली, "येवढ्या पैशात दुभती म्हस येती. एकटीच जाते मी, खुणंनं बोलीन." आणि तेव्हा मला पॉइंट आठवले!

दादाच्या कार्डावर भट्टीच्या सामानापासून वीजबिलापर्यंत सगळं चालतं, त्याचे पॉइंट साठतात, आणि घरात त्यात रस घेणारी मी एकटीच. हे पॉइंट बँकेतून वेगवेगळ्या विमान कंपन्यांच्या खात्यात पाठवता येतात आणि त्याच्यावर फुकट सीट घेता येते. दादा मला चिडवायचा, "काय गं पॉइंटवाली, इमान घेतलंस का न्हाई अजून?" तर मी अंगणात बाज टाकून बसले आणि तक्ता करायला घेतला. आणि मला एवढी मजा वाटायला लागली की खरं सांगते, पाच मिनिटं मी वहिनीला विसरले, त्याची आता लाज वाटते. पण बघा ना! पुणे ते गुवाहाटी, तेच विमान, त्याच रांगेतली तीच खुर्ची. एका प्रोग्रॅममध्ये तेवीस हजार पॉइंट. दुसऱ्यात अठरा. तिसऱ्यात चौदा, पण वर कर म्हणून एवढे रोख मागतात की निम्मं तिकीट तिथंच. चौथा रोजच्या रोज भाव बदलतो. आणि पाचवा, एका परदेशी कंपनीचा, जिचं विमान मी जन्मात बघितलं नाही, तो म्हणतोय फक्त अंतर मोजा, साडेआठ हजार. आपल्या पुण्याच्या विमानातली खुर्ची सातासमुद्रापलीकडच्या दुकानात सगळ्यात स्वस्त! असं का? मी आईला दाखवलं. तिनं मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे ज्वारी तीच, पायली येगळी." मी तासभर वाचून जे समजून घेतलं ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

पण त्यात एक गोम होती. बँकेतनं पॉइंट एकदा पाठवले की परत येत नाहीत. आणि खात्यात पोचल्याशिवाय सीट मिळत नाही. म्हणजे आधी सोडायचं, मग मिळतंय का बघायचं. साडेआठवाल्या प्रोग्रॅममध्ये बुधवारच्या दोन खुर्च्या दिसत होत्या. पॉइंट पोचेपर्यंत त्या राहतील का? कुणीच सांगत नव्हतं. तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

आई म्हणाली, "देवाला इचारू." आमच्या गावात नाथाचं देऊळ आहे, सिद्धनाथाचं. तिथं कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो, मनात प्रश्न धरायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आई हात जोडून उभी राहिली. मी तिच्या मागं, एका हातात मोबाईल. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कळी हलेना. गुरवकाका म्हणाले, "वैनी, देव बोलंना. ना व्हय म्हणतोय, ना न्हाई." आई म्हणाली, "मग हुबी ऱ्हाते की. मला कुटं जायाचंय?" आणि मला मात्र जायचंच होतं! मी आतल्या आत चिडले. बाहेर पारावर आले, दादाला फोन लावून ओटीपी घेतला आणि बटण दाबलं. सगळे पॉइंट गेले. मागं बघितलं तर आई तशीच उभी. कळ्या तशाच.

संध्याकाळपर्यंत पॉइंट पोचले नाहीत. मंगळवारी सकाळी बघितलं, तरी नाही. बँकेत नाहीत आणि तिकडंही नाहीत. मग एक मेल आली. नाव जुळत नाही म्हणून अडकलेत. चूक माझीच. परदेशी कंपनीचं खातं उघडताना मी दादाचं नाव तसंच टाकलं होतं जसं शाळेत हजेरीला घेतात, आधी आडनाव, मग त्याचं, मग आप्पांचं. कार्डावर ते उलटं. गावात सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत कुणाला काही फरक पडत नाही, पण त्या कंपनीच्या लेखी ती दोन वेगळी माणसं झाली. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते मेलमध्ये नव्हतं. मी आईला सांगितलं आणि रडायलाच लागले. म्हटलं, मी घाई केली, तू थांबली होतीस आणि मी घाई केली. आई एक शब्दही टाकून बोलली नाही. म्हणाली, "फोन लाव त्यास्नी. माणसंच हायत न्हवं तितं?"

फोन लावला. थांबायला लावणारी धून वाजत राहिली, वाजत राहिली. फोन स्पीकरवर टाकला, दादालाही जोडून घेतला, खातं त्याचं म्हणून. पलीकडं त्याच्या भट्टीचा घूं घूं आवाज. आई शेजारी देव्हाऱ्यापुढं बसली. शेवटी एका मुलीनं उचललं, हिंदीतनं बोलायला लागली, दादाची जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. तेवढ्यात आईची आरती संपली आणि ती खणखणीत म्हणाली, "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" पलीकडचा प्रश्न अर्ध्यातच तुटला. मला वाटलं फोन कट झाला. मग ती मुलगी हळूच मराठीत म्हणाली, "मॅडम, मागं कोण बोललं?"

मी म्हटलं, माझी आई.

"आमच्या घरात पण रोज हेच असतंय. आमी तिकडचंच."

आईनं माझ्या हातातनं फोन ओढला. "कुणाची गं तू? गाव कंचं?"

"आवं मावशी, हे सगळं रेकॉर्ड होतंय. गाव-बिव न्हाई सांगता येत."

"बरं, ऱ्हाऊ दे. जेवलीस का?"

ती हसली. भट्टीच्या आवाजातनं दादाही हसला. सोमवारपासून पहिल्यांदा आमच्या घरात कुणीतरी हसलं.

मग ती पुन्हा कामाचं बोलायला लागली. म्हणाली, बुधवारच्या त्या दोन खुर्च्या तुम्हाला दिसतायत, पण त्या नाहीतच. वेबसाइट जुनं दाखवतेय. पॉइंट वेळेत पोचले असते तरी काही हाती लागलं नसतं. ती म्हणाली, थोडा वेळ द्या. टाईप करायचा आवाज येत होता, टक टक टक. मग म्हणाली, गुरुवारी सकाळी पुण्याहून दोन आहेत, कोलकात्यात विमान बदलून. भाव तोच. आणि आमच्याकडं फोनवर सीट धरून ठेवता येते, दोन दिवस, पॉइंट पोचायच्या आधीच. मी ओरडलेच, "असं कुठंच लिहिलेलं नाही!" ती म्हणाली, "न्हाई लिहिलेलं. इचारावं लागतंय." दादानं तिथंच आधारकार्डाचा फोटो पाठवला, तिनं नाव सुधारायला टाकलं आणि फोन ठेवताना आईला म्हणाली, "मावशी, बाळाला माझ्याकडनं पण चांगभलं म्हणा."

बुधवारी सकाळी आई परत देवळात गेली. मी पण गेले, या वेळी मोबाईल घरी ठेवून. गुरवकाकांनी कळ्या लावल्या आणि आई डोळे मिटतेय तोवर उजवी पडली. घरी आलो तर पॉइंट जमा झाल्याचा मेसेज, आणि धरून ठेवलेल्या दोन्ही खुर्च्या पक्क्या झाल्या. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. ओली कळी कधीतरी पडतेच, मला कळतं. मेसेज पाठवणारं कुणी त्या वेळी कळीकडं बघत नव्हतं, तेही कळतं. मी फक्त जे झालं त्या क्रमानं सांगतेय.

दुपारी गाडी करून निघालो. कराड गेलं, सातारा गेलं, आणि शिरवळला चहाला थांबलो तेव्हा मी आईला विचारलं, "तुला भीती नाही वाटली? सगळे पॉइंट अडकलेले, सीट नाही, काही नाही." आईनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. म्हणाली, "तुझा दादा अठरा वर्साचा हुता. एक पिशवी आन् चार भाकरी दिऊन यष्टीत बसीवला. तवा कंचा तक्ता बघितला हुता आमी?" आमच्या गावात किती आयांनी असं पोरगं एसटीत बसवून हात सोडलाय. मी समजत होते की आई काहीच विचार करत नाही, सगळं देवावर टाकते. पण मी बाहेर पडले तरी ती देवळात उभीच राहिली होती. टाकणं सोपं असतं तर मीही उभी राहिले नसते का? माझ्याकडनं वीस मिनिटांपुढं झालं नाही. आपल्याला जे करायचं ते सगळं करायचं आणि मग हात मोकळे ठेवून थांबायचं, हे थांबणं मला जमत नव्हतं, आणि ते कुठल्या तक्त्यात शिकायला मिळणार?

गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. वहिनी भिंतीकडं तोंड करून झोपलेली. आईनं नुसती पिशवी खाली ठेवली, तर त्या आवाजानंच ती वळली. "आई, आलासा?" आई म्हणाली, "आले की बाय. इमानातला चहा लय कडू, तुज्या हातचा पायजे आता, लवकर बरी हो." वहिनी हसली आणि हसता हसता रडली आणि आईचा पदर जो धरला तो शुक्रवारी सकाळपर्यंत सोडला नाही.

मी परत त्या कंपनीला फोन लावला, त्या मुलीला सांगावं म्हणून. दुसऱ्याच कुणीतरी उचलला, म्हणाले इथं खूप जण काम करतात, कुणी घेतला होता ते सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं, इतक्यांमधनं नेमका तिच्याकडंच फोन जायची शक्यता किती? मग म्हटलं, राहू दे. ती माणूसच होती. कुणीतरी आमच्याच भागातली, हेडफोन लावून बसलेली, सकाळी न जेवता कामावर आलेली पण असेल. मला ती माणूस असलेलीच आवडते. देवाला यायचं असलं तर तो याहून वेगळा कसा येईल, मला तरी सुचत नाही. तक्ता मी अजून करते, कालच नवा केला, ती सवय जायची नाही. पण आता सकाळी उदबत्तीच्या वेळी फोन खाली ठेवते.

शुक्रवारी वहिनीला आत नेताना नर्सनं आईला दाराशी अडवलं. आई तिथंच उभी राहिली, मराठीत मोठ्यानं बोलत, म्हणजे आत ऐकू जावं. काय बोलत होती माहितेय? गावाकडं हरभरा कसा आलाय ते. शेजारणीच्या शेळीला दोन पिल्लं झाली ते. पाऊण तास. मग आतनं रडण्याचा आवाज आला, बारीक, चिडलेला, आणि आई बोलायची थांबली.

मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. आणि त्या फोनवरच्या ताईला हे माहीतच नाही!

तुमच्याबाबतीत असं कधी झालंय का? सांगा ना. आणि तुम्हाला ज्यानं वेळेवर पोचवलं, त्याचं नाव तुम्हाला नंतर तरी कळलं का?