मिठागर बुजल्यावरची फिल्म

मधल्या सुट्टीत नलिनीचे यजमान, वसंतराव, शाळेच्या फाटकाशी स्कूटर लावून उभे दिसले. नलिनी पनवेलच्या इस्पितळात होती, त्यांना तिथे बघताच मला समजायला हवं होतं. पण मी आपली विचारत राहिले, "डबा न्यायला आलात का? संध्याकाळी मीच आणणार होते ना..." ते म्हणाले, "सरोजताई, आता डबा नको." एवढंच बोलले आणि स्कूटरच्या आरशावरची धूळ रुमालाने पुसत राहिले. या गोष्टीला आता महिना उलटून गेला.

नलिनी म्हात्रे आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची, मी मराठी. उरणच्या खाडीकडच्या गावातली ती. तिचे वडील, हिराजीबाबा, मिठागरात राबत म्हातारे झालेले. शिकून, लग्न होऊन ती रोडपालीला राहायला आली आणि आमच्यासारखी बोलू लागली. पण राग आला की गावची बोली उसळून वर यायची. ही फिल्मची गोष्ट सुरू झाली तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नव्या शहरासाठी आजूबाजूची शेतं गेली होती, आता मिठागरांची पाळी होती. भरावाचे ट्रक खाडीपर्यंत पोचले तरी हिराजीबाबा रोज सकाळी फावडं घेऊन जातच होते. शाळेत मुलांना फुलदाणी काढायला सांगून ती स्वतः वहीत बाबांना काढत बसायची. पाठमोरे, ओणवे, बांधावर उकिडवे.

शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र चाळताना मला एक जाहिरात दिसली. नव्या लेखकांसाठी पटकथा स्पर्धा. निवडलेल्यांना पुण्यात तीन आठवडे प्रशिक्षण, आणि त्यांतल्या एखाद्याला अर्ध्या तासाची फिल्म करायला अनुदान. पटकथा म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. "मी चित्रं काढते आणि खाली कोण काय बोलतं ते लिहिते," ती म्हणाली. तिने तसंच केलं, आणि निवड झाली! उन्हाळ्याच्या सुट्टीत चौथीतल्या मुलाला वसंतरावांवर सोपवून ती पुण्याला गेली.

शिबिरातला एक प्रसंग ती पुढे अनेकदा सांगायची. शिकवायला आलेले एक नामवंत गृहस्थ तिची पटकथा वाचून म्हणाले, "सगळं सुंदर आहे बाई, पण शेवट नाही. मिठागर बुजतं तेव्हा म्हातारा मेला पाहिजे." नलिनी ताडकन उठली. "का मारू? माजा बाप जित्ता हाय! मिठागर गेला तरी त्याला दुसरे दिवशी उठायचा हाय, त्याचा काय करू?" आता आपल्याला घरी पाठवतात, असं तिला वाटलं. पण तेच गृहस्थ पुढे अनुदानाच्या समितीत तिच्यासाठी भांडले.

मात्र समितीची बैठक लांबली, मग फाइल कुठेतरी अडली, मग एक पावसाळा गेला. मंजुरी आली तेव्हा बाबांच्या मिठागरावर मुरूम पसरून झाला होता. पाणी नाही, बांधांनी आखलेले वाफे नाहीत, मीठ नाही. पटकथेतलं एकही दृश्य चित्रित करता येणार नव्हतं. अनुदान परत करते म्हणून ती माझ्याकडे येऊन रडली. गावी जाऊन तिने बाबांना सांगितलं, तर ते खुंटीवरची टोपी घेत म्हणाले, "चल, कंचा वाफा कुठं व्हता ते दावतो."

चित्रीकरणासाठी पुण्याहून येणाऱ्या चौघांना गाव सापडणार नाही म्हणून नलिनी पहाटेपासून पळस्प्याच्या नाक्यावर उभी राहिली होती. मीही बरोबर होते. गावी पोचल्यावर मुरमाच्या त्या लालसर, सपाट माळावर बाबा चालायला लागले आणि आम्ही बघतच राहिलो. थोडं सरळ जायचे, काटकोनात वळायचे, पुन्हा पुढे, पुन्हा वळायचे. मध्येच पाय उचलून काहीतरी ओलांडायचे. कॅमेरावाल्याने हाक मारली, "बाबा, सरळ इकडे या ना!" बाबा होते तिथेच थांबले. "सरल कसा येऊ? मदी पानी हाय."

कोणी हसलं नाही. कॅमेरा चालू होता.

फिल्म मुंबईत एका छोट्या सभागृहात दाखवली गेली. बक्षीस मिळालं नाही; परीक्षकांच्या मते तिच्यात गोष्ट नव्हती. नंतर आम्ही ती गावच्या शाळेच्या पटांगणात दाखवली. माणसं पडद्याकडे बोट दाखवून आपापले वाफे ओळखत होती, जिथे फक्त मुरूम दिसत होता तिथे! बाबा उठताना लेकीला म्हणाले, "मीठ नाय दिसला, पन वाट बरोबर हाय." दोन वर्षांनी ते गेले.

नलिनीला दुसरी फिल्म करता आली नाही. दोन पटकथा परत आल्या, तिसरी तिने पाठवलीच नाही. ते तिला लागलं होतं. लागलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. "एकदाच दिग्दर्शक झाले गं... आता पुन्हा चित्रकलेच्या बाई," असं ती म्हणायची, आणि ते हसून म्हणत नसे. पण स्पर्धांच्या, शिबिरांच्या जाहिराती ती कापत राहिली, दुसऱ्यांसाठी. दर रविवारी तिच्या पुढच्या खोलीत लिहू पाहणारी पाच-सहा माणसं जमू लागली. पनवेलच्या बाजारात कापडाचं दुकान असलेल्या घरातली शबाना त्यातलीच. तिला फिल्मचं संकलन शिकायला प्रवेश मिळाला आणि अब्बा "अकेली लडकी नहीं जाएगी" म्हणून अडून बसले, तेव्हा नलिनी त्यांच्या दुकानात जाऊन बसली. "मीही एकटी गेले होते भाई, परत आले की नाही?" एवढंच म्हणत राहिली. शबाना गेली, शिकली, आज मुंबईत काम करते.

गेल्या रविवारी मी रोडपालीला गेले. त्या खोलीच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकलेली असे. नव्या माणसाने कागद बाजूला ठेवून त्या चादरीसमोर बसायचं आणि काय दिसतं ते सांगायचं, हा नलिनीचा शिरस्ता. वसंतरावांनी चादर धुऊन पुन्हा तशीच लावली होती. शबाना आली होती, बाकीचेही होते. पुढे होऊन बसायला कोणी तयार नव्हतं. इतकी वर्षं फक्त चहा आणून देणारे वसंतराव कपबशा खाली ठेवून चादरीसमोर बसले.

शबानाने हळूच विचारलं, "काय दिसतंय, काका?"

"दार उघडलंय," ते म्हणाले. "शाळेतून आलीय. चपला काढतेय... पिशवी अजून खांद्यालाच आहे."

"मग?"

"मग काही नाही. घरी आलीय."