कोंबडीवर सही

गावाबाहेर पोल्ट्री चालवणाऱ्या बाईंना सगळे कोंबडीवाल्या मावशी म्हणत. जवळच्या हवाई तळावरच्या प्रदर्शनासाठी विमानांच्या कसरतींचा सराव आठवडाभर त्यांच्या शेडवरूनच चालला होता. विमान आलं की कोंबड्या भेदरून कोपऱ्यात एकमेकींवर चढत आणि खालच्या गुदमरून मरत. मावशींनी तळावर खेटे घातले, पण फाटकाच्या आत कुणी घेतलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मात्र फाटक सगळ्यांना उघडं होतं. विमानं डोक्यावरून गेली, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैमानिकाची सही घ्यायला रांग लागली होती, तिच्यात त्याही उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर त्यांनी पिशवीतून मेलेली कोंबडी काढून टेबलावर ठेवली.

"करा हिच्यावर सही."

"काकू, हे काय?" तो तरुण गडबडला.

"तुमचा पराक्रम! शत्रू सापडेना म्हणून माझ्या कोंबड्या मारल्यात?"

रांगेत हशा पिकला. मावशी गर्रकन वळल्या. "दात काय काढताय? तुमचं घर असतं खाली म्हणजे कळलं असतं!"

पहारेकऱ्यांनी त्यांना दंड धरून बाहेर काढलं. कोंबडी हातात घेऊन वैमानिक मागोमाग धावत आला.

"पुढच्या वेळी मार्ग बदलायला सांगतो, काकू."

"आणि ह्या वेळी मेल्या त्यांचं काय? ही कोंबडी आणलीस ना, आता तूच पुरून टाक," असं म्हणून मावशी तरातरा चालू लागल्या.