न दिसणारं बटण

बाळांनो, तुमच्यातल्या थोरल्याने माझ्या नव्या लॅपटॉपच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवून दिला आहे. त्याला तो व्हर्च्युअल मशीन म्हणतो. माझा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम नव्यावर चालत नाही आणि माझं सगळं लिखाण त्यातच आहे, म्हणून ही सोय. एक खिडकी उघडायची, की तिच्या आत जुना कॉम्प्युटर सुरू होतो.

गेल्या उन्हाळ्यात मला त्यातली अक्षरं बारीक वाटू लागली. डिस्प्ले रिझोल्यूशन नावाच्या जागी मी सगळ्यात लहान आकडा निवडला. पंधरा सेकंदांत उत्तर द्या, हे असंच ठेवायचं का, असं त्याने विचारलं. प्रश्नाला वेळेत उत्तर देणारी मी. लगेच 'हो' म्हटलं.

अक्षरं होती तेवढीच राहिली. आतला पडदा मात्र आक्रसून काळ्या फळ्यावर चिकटवलेल्या पोस्टकार्डाएवढा झाला. प्रिंटची खिडकी त्यात मावेना, तिची खालची बटणं पडद्याबाहेर गेली. आकडा पुन्हा वाढवायला गेले, तर त्या खिडकीचं 'ओके'सुद्धा खालच्या पट्टीआड गेलेलं. ती पट्टी मीच कधीतरी दुप्पट जाड करून ठेवली होती. थोडक्यात, कुलूप मी लावलं होतं आणि किल्ली आत राहिली होती.

मी ते तसंच झाकून ठेवलं. आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या घरातली शेजारीण आली.

तिच्या मुलीची हळद उद्यावर आली होती. आमच्याकडे हळद जात्यावर दळतात आणि दळताना बायका गाणी म्हणतात. शेजारणीच्या सासूला अशी सात गाणी येत. काही वर्षांपूर्वी तिने ती माझ्या ओसरीवर बसून सांगितली होती आणि मी टाइप केली होती. सासू आता नाही. पाचव्या गाण्याची पहिली ओळ गावात सगळ्यांना येते, पुढे सगळ्या नुसत्या गुणगुणतात. नातीच्या लग्नात ते गाणं पुरतं म्हणायचं, असं शेजारणीने सासूला कबूल केलं होतं.

मी तिला पोस्टकार्ड दाखवलं. सासू एवढ्याशा डबीत कशी मावली, असं तिने विचारलं.

आमच्या घरात रेंज नाही, ती गोठ्यामागच्या चढावर येते. लॅपटॉपची बॅटरी गेलेली, त्यामुळे तो भिंतीच्या प्लगला बांधलेला. तेव्हा आजोबा फोन घेऊन चढावर गेले, मी टेबलाशी बसले आणि शेजारीण मधल्या वाटेवर खेपा घालू लागली. थोरल्याचा निरोप आजोबांकडून तिच्यामार्फत आला: बाणाच्या कळीने आकडा वाढव आणि सरळ एंटर दाब. 'ओके' दिसत नसलं तरी दाबलं जातं.

मी आकडा वाढवला आणि थांबले. न वाचता कशावर सही करू नये, हे मी तुमच्या आईवडिलांना शिकवलं, तुम्हालाही शिकवलं. जे बटण दिसत नाही ते मी कसं दाबणार? उलट निरोप पाठवला, की ते दिसायची काही युक्ती सांग.

शेजारीण दारातून हलली नाही. "अक्का, वाचून 'हो' म्हणालात तवाच हे बिघडलं न्हवं?"

मी एंटरवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"लाइट गेल्यावर चूल कुठं हाय ते दिसतंय काय? तरी हात जातोयच की. दाबा."

मी एंटर दाबलं. पडदा काळा झाला. शेजारणीने माझा खांदा धरला. मग पोस्टकार्डाचं पान झालं आणि त्याने पुन्हा तोच पंधरा सेकंदांचा प्रश्न विचारला. या वेळी मी तो दोनदा वाचला. ती माझ्या कानाशी "व्हय म्हणा, व्हय म्हणा" करत होती. दोन सेकंद उरले असताना मी 'हो' म्हटलं. सातही गाणी मोठ्या अक्षरांत छापून निघाली. आजोबा मात्र चढावरच राहिले होते. त्यांना खाली बोलवायला हवं, हे चहाच्या वेळी आठवलं.

दुसऱ्या दिवशी जात्याशी बायका बसल्या. पाचवं गाणं सुरू झालं, सगळ्या ओळी आल्या आणि मूठभर हळदही दळून झाली नाही तोच गाणं संपलं. शेजारणीने कागद उलटून मागे पाहिलं.

"सासू येवढ्यात थांबत न्हवती," ती म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं. सासू प्रत्येक ओळ दोनदा, तीनदा म्हणायची. मला ती पुनरुक्ती वाटली आणि टाइप करताना मी ती नीटनेटकेपणाने गाळून टाकली होती. मी हे कबूल केलं तेव्हा बायका जात्यावर हात ठेवून हसल्या. शेजारणीने कागद माझ्या मांडीवर ठेवला, खुंटा धरला आणि पहिली ओळ पुन्हा उचलली. प्रत्येक ओळ तिला हवी तितक्या वेळा म्हणत तिने ते गाणं हळद सरेपर्यंत पुरवलं.

सोबत सातही गाणी पाठवते आहे. या वेळी एकही ओळ गाळलेली नाही.