मोठा टर्बो आणि मापातले तांदूळ

चालत्या गाडीत बारीक शिट्टी ऐकू आली तेव्हा मी बायकोला म्हणालो, "कुणाच्या तरी घरी कुकर लागलाय."

आम्ही तेव्हा लालबागच्या पुलावर होतो. तिथे कठड्यापासून घरांच्या खिडक्या तशा जवळच आहेत, त्यामुळे हे अगदीच अशक्य नव्हतं. पण शिट्टी आमच्याबरोबर परळपर्यंत आली.

"हा कुकर आपल्या मागे मागे येतोय का हो?"

"मग एसीचा आवाज असेल," मी म्हणालो. "नवीन काम केलंय ना."

ती समाधानानं मागे टेकून बसली आणि खिडकीची काच वर केली. घाम पुसत म्हणाली, "थंड व्हायला वेळ लागतो वाटतं."

एसीचं काम केलंच नव्हतं. गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये होती ती एसीसाठी, असं मी घरी सांगितलं होतं. बायकोला उन्हात गाडी लागते, त्यामुळे एसी दुरुस्त करा म्हणून ती कधीपासून मागे लागली होती. मी गाडी नेली, एसी तसाच ठेवला आणि इंजिनाला मोठा टर्बो बसवून आणला. पन्नाशीला आलेल्या, गुडघे बोलू लागलेल्या माणसानं हे का करावं, याचं उत्तर एका शब्दात देता येईल. साडू.

माझा साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला करी रोडच्या चाळीत, गाव माझ्या गावाच्या पलीकडचं. शिमग्याला आम्ही दोन गाड्यांनी निघालो होतो. कशेडी घाटात त्यानं मला मागे टाकलं. टाकलं तर टाकलं, पण जाताना काच खाली करून हात केला, जसा आपण बसस्टॉपवरच्या माणसाला करतो. घाट उतरल्यावर टपरीवर बघतो तर हा बाकड्यावर पाय पसरून बसलेला आणि आमचे चहा आधीच मागवलेले.

"घ्या, घ्या," म्हणाला. "जरा गार झाला असेल. तुम्ही काय, देखावे बघत आलात ना?"

बायको हसली. मुलं हसली. मीसुद्धा हसलो, आणि तो गार चहा माझ्या मनात पुढे महिनाभर तसाच राहिला.

टर्बो म्हणजे काय, हे मला त्याआधी धड माहीत नव्हतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं आणि गाडी पळते. पंखा मोठा केला की हवा जास्त, डिझेल जास्त, गाडी आणखी पळते. गॅरेजवाल्यानं हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकत होते आणि माझेही.

"फक्त काका, मोठा पंखा गोल फिरायला टाइम घेतो," तो म्हणाला. "स्लो गाडी चालवली की तो झोपलेला असतो. तेव्हा डिझेल जास्त, हवा कमी. थोडा काळा धूर येणार. मग एकदम उठतो, आणि मग बघा!"

"पण मुंबईत गाडी स्लोच चालते," मी म्हणालो.

"मुंबईत कुठे मजा आहे काका? मजा हायवेला." मग त्यानं क्लचही जड टाकला, कारण एवढा जोर जुन्या क्लचला झेपत नाही म्हणे. म्हणजे आता माझी गाडी मुंबईत पूर्वीपेक्षा मंद आणि आचके देणारी झाली होती, शिट्टी वाजवत होती, आणि पाय ठेवला की काळा फुत्कार सोडत होती. पुढच्या गणपतीला, कशेडीत, साडूला हात करण्यासाठी मी हे सगळं सोसत होतो.

पण गणपतीच्या आधी साडूच्या मुलाचं लग्न आलं.

हे बायकोच्या माहेरचं, पुढच्या पिढीतलं पहिलं लग्न. साडूची गाडी पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यात अडकणार होती. बायकोनं मला न विचारताच शब्द दिला, "ताई, नवरानवरी आमच्या गाडीतून येतील. भाड्याची कशाला? आत्ताच एसी करून घेतलाय. पोरीला घाम नाही यायचा." हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी समोर बसून पेपर वाचत होतो. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी पान उलटलं.

दादरच्या हॉलमध्ये लग्न छान लागलं. संध्याकाळी झेंडूच्या माळा लावलेल्या गाडीत नवरानवरी मागे बसली, शेजारी करवली, पुढे मी. करी रोडच्या नाक्यावर बेंजोवाले उभेच होते. तिथून चाळीपर्यंतचं अंतर चालत गेलं तर विडीही संपत नाही, पण वरातीला ते अंतर कधी संपतच नाही. बेंजोच्या मागून गाडी मुंगीच्या पावलानं न्यायची, आणि जड क्लचला मुंगीचं पाऊल मान्य नव्हतं. गाडी आचका द्यायची, नवरीचं मुंडावळ्या बांधलेलं डोकं पुढे यायचं, मागे जायचं.

"काका, एसी लावा ना," भाचा म्हणाला.

"लावलाय रे."

नवरी सांगलीकडची, नवी, शहाणी. कपाळावरचा घाम पदरानं टिपत म्हणाली, "राहू द्या, बरं वाटतंय." खोटं बोलायची तिला माझ्याइतकी सवय नसावी, कारण तिचे कान लाल झाले.

त्यांची खोली तळमजल्यावर, अगदी टोकाची. तिचं दार थेट गल्लीत उघडतं. गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे तिथे गाडी नेहमी उलटीच घालतात. नवरीला दारात उतरवायचं, तर नाक्यावर वळवून मागे मागे न्यायची. यात मी वाकबगार. काच खाली करून, एक हात सीटमागे टाकून, "हटा, हटा" करत मी गाडी मागे घेत गेलो. आरशात सगळं दिसत होतं. दारात बायका उभ्या, मध्ये ताई आरतीचं ताट घेऊन, तिच्याशेजारी माझी बायको, आणि उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. फक्त एक गोष्ट आरशात दिसत नव्हती, ती म्हणजे माझ्या गाडीच्या धुराचं नळकांडं. ते सगळ्यांच्या आधी दारात पोहोचलं होतं.

दाराशी गटारावर लादी टाकून थोडा चढ केला आहे. तिथे गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. बेंजो थांबला. सगळी चाळ कठड्यांवर ओणवी. मागून साडूचा आवाज आला, "द्या ना जरा रेस!" आणि मी दिली. मनापासून दिली.

एक क्षण काही झालं नाही. मग काळा लोट निघाला. मला आरशात दार दिसेना, बायका दिसेनात, काहीच दिसेना. नुसता खोकला ऐकू आला.

वरच्या गॅलरीतून एक म्हातारी ओरडली, "अगो, गिरण परत चालू झाली काय?"

चाळ खो खो हसली. बेंजोवाल्यानं थाप मारली. धूर विरला तेव्हा मी उतरून तोंडावर हसू आणलं, कारण मला वाटलं, चला, गंमत झाली, निभावलं. लोक हसले की माझं निभावतं, हा माझा जन्माचा अनुभव आहे.

ताईच्या ताटातलं निरांजन विझलं होतं. तिच्या मोतिया रंगाच्या साडीवर गुडघ्यापासून खाली काळी झाक होती. पण ती साडीकडे बघतच नव्हती. ती मापाकडे बघत होती. वरचे तांदूळ काजळी धरून चिकट काळे झाले होते.

ते तांदूळ दुकानातले नव्हते, हे मला ठाऊक होतं. मुलाचं ठरल्यावर ताई गेल्या पावसाळ्यात मुद्दाम गावी जाऊन लावणीला उभी राहिली होती. पाठ धरली म्हणून नंतर किती दिवस आडवी होती. सून येईल तेव्हा माप माझ्या हातच्या भाताचं, असं तिनं ठरवलं होतं, आणि घरात सगळा तांदूळ शिजला तरी मापापुरता डब्यात बाजूला ठेवला होता.

"वरचा थर काढ गो, खालचे चांगले आहेत," कुणीतरी म्हणालं.

"नको," ताई म्हणाली. "नव्या पोरीच्या पायाला काळं लागेल."

तिनं माप उचलून आत नेलं. शेजारणीकडून दुकानाचे तांदूळ आले, निरांजन पुन्हा लागलं, बेंजो वाजला. नवरीनं उजव्या पायानं माप लवंडलं, टाळ्या पडल्या. फोटोत सगळं नीट आलं आहे.

मी ताईकडे जाऊन म्हणालो, "ताई, चुकलो. एसी वगैरे काही केलं नव्हतं. इंजिनात..." पुढचं मला सांगता येईना. लावणीला वाकलेल्या बाईला टर्बो कसा समजावायचा?

"असू दे हो भावोजी," ती हसून म्हणाली. "मुद्दाम का केलंत तुम्ही?"

मुद्दामच केलं होतं. साडूनं मला बाकावर बसवलं, हातात कप दिला. मी टोमण्याची वाट बघत राहिलो. त्यानं एवढंच म्हटलं, "घ्या, गरम आहे."

येताना आम्ही काचा खाली करून आलो. शिट्टी वाजत होती. बायकोच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात ते काळे तांदूळ होते. ती ते मागून घेऊन आली होती, धुऊन बघते म्हणून. लालबाग गेलं, चिंचपोकळी गेली. टर्बोचं सगळं तिला सांगून झाल्यावर मी म्हणालो, "उद्याच जुना टर्बो परत बसवतो. आणि एसीही करतो. पण ती म्हातारी काय म्हणाली, ऐकलंस का? गिरण..."

"ऐकलं," ती म्हणाली. "ताई तुमच्याकडे बघून हसली. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. शब्द मी दिला होता ना." तिनं पिशवीचं तोंड पिळून घट्ट केलं. "आता तुम्ही हे चार लोकांत सांगाल, मला माहीत आहे. सांगा. कुकरचं सांगा, म्हातारीचं सांगा. पण तांदळापाशी आलात की हसू नका."