शकूच्या नावावरचा ताप

आमची शकू गेली, आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला.

थांबा. आधी ग्रुपवरचे सगळे बरे आहात ना? विमल, गुडघा काय म्हणतोय? शेंद्र्याचे बाळूभाऊ, शुगर आटोक्यात हाय का? वेरूळच्या सूनबाई, लेकराचा खोकला गेला का?

आज शकूचं वर्षश्राद्ध. माझी धाकटी जाऊ. दोघींनी एकाच स्वयंपाकघरात जन्म काढला.

ऑपरेशननंतर तिला घरीच ठेवलं होतं, हॉस्पिटलच्या देखरेखीत. काखेत एक पॅच चिकटवलेला. तिचं टेंपरेचर सारखं तिच्या लेकाच्या, महेशच्या फोनवर दिसायचं. तिकडं हॉस्पिटलात नर्सलाही.

शकू हसायची. "आक्का, हा तुम्हालाच लावायला पाहिजे. सगळं दुखणं अंगावर काढता, कुणाला कळू देत नाय."

"गप पड," मी म्हणायची.

ती गेली.

शेवटची आंघोळ घालताना पॅच मीच काढला.

रीतीप्रमाणं ती गेली तिथं पीठ पसरून दिवा लावला, वर दुरडी झाकली. पिठात पाऊल उमटलं तर जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात.

सकाळी दुरडी उचलली. पीठ जसंच्या तसं.

तेवढ्यात महेशचा फोन उजळला.

शकुंतला. टेंपरेचर नॉर्मल.

महेश हळूच म्हणाला, "दिव्याची धग असंल. पॅच इथंच पडला असंल कुठंतरी."

सगळी खोली धुंडाळली. पॅच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सचा फोन. हॉस्पिटलला कळवलेलं होतं, पण ही बाई ड्युटीवर नवीन.

"शकुंतलाबाईंना एकशे तीन ताप दिसतोय. थंडी वाजतेय का त्यांना?"

"मॅडम, आई तर गेली..." बोलता बोलता महेश माझ्याकडं बघत राहिला.

मी भिंतीला टेकून बसले होते. भर दुपारी दोन चादरी पांघरून.

त्यानं कपाळाला हात लावला. "मोठी आई, लई तापलीस की गं!"

पॅच माझ्या बटव्यात निघाला. बटवा कायम पोलक्यात, छातीशी.

डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन रक्तात चाललं होतं. अजून एक दिवस काढला असता तर अवघड होतं.

ओल्या हातानं मीच ठेवला असणार, सगळे म्हणतात. व्हय, असंल.

मला मात्र ठेवल्याचं आजही आठवत नाही.

पॅच परत दिला. फोनवर तिच्या नावापुढं आता 'सिग्नल नाही' दिसतं. महेश ते नाव पुसून टाकत नाही, मीही टाक म्हणून सांगत नाही.

शकू, नीज आता निवांत. अंगावर काढणार नाही मी.

आणि तुम्ही सगळे, कसे आहात ते लवकर लिहा. नुसते जोडलेले हात नकोत. बरं नसेल तर बरं नाही, असंच लिहा.